जुन्या नायकांचे पुनरवतरण आणि वाचकांची चिकित्सा : वेताळ, बहादूर, फास्टर फेणे व पवित्र प्रभाकर

१. विषयप्रवेश

मुंबईच्या उपनगरांत चित्रकथांच्या वाचकांच्या आज दोन पिढ्या एकत्र नांदत आहेत. पहिली पिढी १९६४ ते १९९० या काळातील 'इंद्रजाल कॉमिक्स'वर वाढली. अंधेरी, बोरीवली, घाटकोपर, मुलुंड अशा ठिकाणी रेल्वे स्थानकावरील पुस्तकांचा ठेला, रद्दीचे दुकान आणि दिवसाच्या भाड्याने पुस्तके देणारे एखाद्या गाळ्यातील खासगी वाचनालय ही तिची वाङ्मयप्राप्तीची साधने होती. दुसऱ्या पिढीला हे नायक प्रथम चित्रपटाच्या पडद्यावर भेटले. छापील चित्रकथेकडे ती मागाहून वळली. गोरेगावच्या प्रदर्शन-संकुलात 'कॉमिक कॉन' हा मेळावा भरू लागल्यावर त्या पिढीला एकत्र येण्याचे ठिकाणही लाभले. या दोन्ही पिढ्यांचे वाचनसाहित्य भिन्न असले, तरी त्यांच्या चर्चेत एक प्रश्न समान आढळतो. जुना नायक नव्या रूपात पुढे आला की दोघीही विचारतात, 'हा खरा आहे काय?'

विद्यापीठीय अभ्यासाने या प्रश्नाकडे हौशी मंडळींचा वाद म्हणून पाहण्याची प्रथा आहे. वस्तुतः हा प्रश्न मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकाला अपरिचित नाही. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली तेव्हा, किंवा पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली तेव्हा, त्यांच्यापुढे असलेल्या प्रश्नाचेच हे एक लौकिक रूप होय. पुष्कळ हातांतून गेलेल्या कथेत मूळचे काय आणि मागाहून आलेले काय, यांचा निर्णय कसा करावयाचा? दुसऱ्या बाजूने पाहता, एकच कथा अनेक परींनी सांगण्याची आपली परंपराही तितकीच जुनी आहे. मोरोपंतांच्या नावावर एकशे आठ रामायणे सांगितली जातात आणि त्यांपैकी कोणत्याही रामायणामुळे श्रोत्यांचा राम हरवला नाही. कथेतील काही अंश चल असतो व काही ध्रुव असतो, हे श्रोता न शिकविता जाणतो.

पुनरवतरित नायकांविषयीची वाचकांची चर्चा ही ध्रुव व चल अंशांचा निवाडा करणारी एक स्वाभाविक पाठचिकित्सा आहे, हे प्रस्तुत लेखाचे प्रतिपाद्य आहे. तथापि या चिकित्सेपाशी मूळ पाठ हाताशी नसतो आणि स्मृतीलाच ती पाठ मानते, हे तिचे वैगुण्यही लक्षात घेतले पाहिजे. या विधानाच्या पडताळ्यासाठी महाराष्ट्राशी निगडित असलेले चार नायक येथे घेतले आहेत.

२. पुनरवतरणाची पार्श्वभूमी

ज्याला आज 'सुपरहीरो' म्हणतात त्या नायकाचा उदय सामान्यतः १९३८ मधील सुपरमॅनपासून मानतात. दुसऱ्या महायुद्धानंतर या नायकांची लोकप्रियता ओसरली व पुष्कळांच्या कथा बंद पडल्या. १९५६ साली डीसी या अमेरिकन प्रकाशनाने 'फ्लॅश' हा बंद पडलेला नायक पुन्हा आणला. मात्र नाव व वेग हे दोन गुण ठेवून व्यक्ती, वेष आणि पूर्ववृत्त ही तिन्ही बदलली. मग जुना फ्लॅश कोठे गेला, हा प्रश्न वाचकांच्या मनात राहिलाच. १९६१ च्या एका कथेत त्याचे उत्तर देण्यात आले : जुना नायक दुसऱ्या एका पृथ्वीवर राहतो आणि दोन्ही पृथ्वी समांतर आहेत. पाठभेद मिटविण्याऐवजी प्रत्येक पाठाला स्वतंत्र विश्व बहाल करण्याची ही युक्ती पुढे या वाङ्मयप्रकाराचा पायाच होऊन बसली. तिचा पसारा अनावर झाल्यावर १९८५-८६ मध्ये त्याच प्रकाशनाला सर्व विश्वांची एकवाक्यता करणारी दीर्घ कथा रचावी लागली.

दुसरा मार्ग मार्व्हल या प्रकाशनाने स्वीकारला. मार्च १९६४ हा महिना आवरणावर असलेल्या 'अ‍ॅव्हेंजर्स'च्या चौथ्या अंकात कॅप्टन अमेरिका परतला तो तोच होता. युद्धकाळानंतरची वर्षे त्याने बर्फात गोठून काढली होती. येथे व्यक्ती कायम राहिली, भोवतालचा काळ बदलला आणि त्या विसंवादातूनच कथेला नवा रस मिळाला.

या घडामोडींत वाचक केवळ प्रेक्षक नव्हते. १९६१ साली जेरी बेल्स यांनी रॉय थॉमस यांच्या सहकार्याने 'ऑल्टर एगो' हे हौशी नियतकालिक सुरू केले. विस्मृतीत गेलेल्या नायकांची सूचिवार नोंद करणे आणि त्यांच्या पुनरागमनाची मागणी करणे हा त्याचा उद्योग होता. हेच थॉमस १९७२ मध्ये मार्व्हलचे प्रमुख संपादक झाले. वाचकांची चर्चा, तिच्यातून संग्रह व सूची, आणि सूचीतून संपादन, असा हा क्रम दिसतो. मराठीत यांपैकी पहिली पायरी भक्कम आहे, दुसरी मात्र फारशी बांधली गेलेली नाही. लेखाच्या अखेरीस या मुद्द्याकडे पुन्हा वळावयाचे आहे.

३. वेताळ : नाव, संपादन आणि 'मूळ' पाठ

ली फॉक यांचा 'फँटम' १७ फेब्रुवारी १९३६ रोजी अमेरिकन वृत्तपत्रांत अवतरला. भारतात तो १९४० च्या दशकात 'इलस्ट्रेटेड वीकली'मधून परिचित झाला. टाइम्स ऑफ इंडियाच्या प्रकाशनसंस्थेने मार्च १९६४ मध्ये मुंबईतून 'इंद्रजाल कॉमिक्स' ही माला सुरू केली आणि तिचे आरंभीचे अंक सर्वस्वी याच नायकाला वाहिले. मराठी वाचकांना तो 'वेताळ' या नावाने भेटला.

या नामकरणाचे महत्त्व सामान्य भाषांतरापेक्षा अधिक आहे. इंग्रजीतील या नायकाचे बिरुद 'चालणारे भूत' अशा अर्थाचे आहे. संस्कृत परंपरेतील वेताळ प्रेतात वास करतो आणि विक्रमाला कोडी घालतो. त्याच्याशी या नायकाचे साम्य थोडे. परंतु कोकण व गोमंतक येथील वेताळ निराळा आहे. तो क्षेत्रपाल आहे, गावाच्या शिवेचा राखणदार आहे. वेंगुर्ले तालुक्यातील आरवलीच्या श्रीदेव वेतोबाला भाविक चामड्याचे भले मोठे जोडे अर्पण करतात. देव रात्री गावाच्या रक्षणासाठी फिरतो आणि त्यामुळे ते जोडे झिजतात, अशी श्रद्धा आहे. चालणारा, रक्षण करणारा, दुष्टांना धाक व दीनांना आधार असलेला अमानवी पुरुष ही कल्पना ज्या मराठी मुलाच्या घरी सिंधुदुर्गातून आली होती, त्याला जंगलातील मुखवटाधारी नायक परका वाटण्याचे कारण नव्हते. उपनगरांतील मराठी वस्तीत कोकणातून आलेल्या कुटुंबांचा भरणा किती मोठा आहे हे ध्यानात घेतले, म्हणजे या एका शब्दाने किती काम केले असेल याची कल्पना येते. नाव देणाऱ्याच्या मनात आरवलीचा देव होता असे येथे सुचवावयाचे नाही. नाव देणाऱ्याचा हेतू आणि वाचकाचा स्वीकार या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. येथे विचार आहे तो दुसरीचा.

वेताळाच्या कथेचे बीज पुनरवतरणाच्या दृष्टीने अत्यंत उद्बोधक आहे. सोळाव्या शतकात चाच्यांच्या हल्ल्यातून एक तरुण वाचतो, बापाच्या मारेकऱ्याच्या कवटीवर हात ठेवून अन्यायाविरुद्ध लढण्याची शपथ घेतो, आणि त्याच्यानंतर प्रत्येक पिढीतील पुत्र तीच शपथ व तोच मुखवटा धारण करतो. जगाला वाटते की हा एकच अमर पुरुष आहे. वाचकाला ठाऊक असते की हा एकविसावा आहे. म्हणजे व्यक्ती चल आणि व्रत ध्रुव, हा नियम येथे कथेच्या पोटातच सांगितलेला आहे. १९९९ मध्ये फॉक यांचे निधन झाल्यावर लेखनाची धुरा टोनी डीपॉल यांच्याकडे आली, तेव्हा लेखकाच्या बाबतीतही तेच घडले.

यापुढील मुद्दा अधिक नाजूक आहे. इंद्रजालच्या संपादकांनी मूळ कथा जशाच्या तशा छापल्या नाहीत. फॉक यांच्या कथेतील बंगाला हा प्रदेश भारतीय वाचकाला बंगालची आठवण करून देणारा होता. इंद्रजालमध्ये तो 'डेंकाली' झाला. 'सिंग' चाच्यांचे 'सिंगा' झाले, आणि विसाव्या वेताळाच्या मारेकऱ्याचे राम हे नाव बदलून 'रामालू' करण्यात आले. या बदलांमागील विवेक उघड आहे. वसाहतकालीन कल्पनेने पूर्वेकडील नावांची जी सरमिसळ केली होती, ती स्वतंत्र भारतातील मुलांच्या हाती तशीच देणे अनुचित होते. याखेरीज वृत्तपत्रातील आडव्या पट्ट्या पुस्तकाच्या पानांत बसविताना चित्रे कापली गेली व मजकूरही संक्षिप्त झाला.

याचा परिणाम असा की, ज्येष्ठ मराठी वाचक ज्याला 'मूळ वेताळ' म्हणतो तो वास्तविक १९६४ नंतरच्या मुंबईतील संपादकांनी सिद्ध केलेला पाठ आहे. पुढे निघालेल्या एखाद्या आवृत्तीत 'डेंकाली'च्या जागी 'बंगाला' आढळले, की हा वाचक मुळाशी छेडछाड झाल्याची तक्रार करतो. प्रत्यक्षात तेथे मुळाची पुनःस्थापना झालेली असते. त्याची तक्रार निराधार म्हणता येत नाही, कारण त्याच्या वाचनाच्या इतिहासात डेंकाली हाच प्रथम पाठ आहे. मात्र एका विशिष्ट काळी, विशिष्ट हेतूने केलेल्या संपादनाचे तो समर्थन करीत आहे, याची जाणीव त्याला नसते. ती जाणीव करून देणे हे अभ्यासकाचे काम होय.

वेताळाविषयीच्या चर्चेत अलीकडे आणखी एक प्रश्न पुढे आला आहे. आफ्रिकी भासणाऱ्या अरण्यात पिढ्यान्‌पिढ्या एक गोरा पुरुष न्यायदान करतो व तेथील लोक त्याला पूज्य मानतात, या रचनेतील वसाहतवादी गृहीतकाचे काय करावयाचे? नावे बदलून हा दोष लपला, नाहीसा झाला नाही. काही वाचक म्हणतात की तो त्या काळाचा दोष आहे व कथा तशीच वाचावी. काही म्हणतात की पुनरवतरणाचे प्रयोजनच अशा दोषाचे परिमार्जन हे आहे. शपथ हा ध्रुव अंश मानला, तर ती घेणाऱ्याचा वर्ण चल ठरतो, आणि दुसऱ्या पक्षाचे म्हणणे अधिक सुसंगत वाटते.

४. बहादूर : काळाशी बांधलेला नायक

इंद्रजालने १९७६ मध्ये स्वतःचा भारतीय नायक निर्माण केला. आबिद सुरती यांचे लेखन आणि गोविंद ब्राह्मणिया यांची चित्रे यांतून साकार झालेला 'बहादूर' हा डाकू भैरवसिंगाचा मुलगा. बाप पोलिसांच्या गोळीला बळी पडतो. मुलगा सूड घेण्याऐवजी इन्स्पेक्टर विशालच्या प्रभावाने कायद्याच्या बाजूस येतो आणि गावकऱ्यांना आत्मरक्षणासाठी संघटित करून नागरिक सुरक्षा दल उभारतो. त्याच्यापाशी अमानुष सामर्थ्य नव्हते, मुखवटाही नव्हता. भगवा कुडता आणि जीन्सची विजार हा त्याचा वेषच त्या दशकातील तरुणाचे चित्र रेखाटतो. १९७२ साली जयप्रकाश नारायण यांच्यापुढे चंबळच्या डाकूंनी केलेली शरणागती वाचकांच्या स्मरणात ताजी होती, आणि डाकूच्या मुलाचे मनःपरिवर्तन ही कल्पना त्यामुळे केवळ कल्पना वाटत नव्हती.

बहादूरवर प्रेम करणारे वाचक आजही पुष्कळ आहेत. परंतु त्याला वेताळासारखे दीर्घ सातत्य लाभले नाही. १९९० मध्ये इंद्रजाल माला बंद पडली हे त्याचे बाह्य कारण झाले. आंतरिक कारण असे दिसते की, बहादूरच्या कथेत ध्रुव आणि चल हे अंश सहजासहजी वेगळे करता येत नाहीत. चंबळचे खोरे, डाकू, असहाय गाव आणि नवस्वतंत्र राष्ट्राच्या पोलिसांवरील विश्वास ही सर्व त्या व्यक्तिरेखेची हाडेच आहेत. खोरे काढले की सूड उरत नाही, आणि सूड उरला नाही की त्यावरील विजयही उरत नाही. त्याला आजच्या काळात आणावयाचे असेल तर गावाच्या असुरक्षिततेचे आजचे रूप कोणते, हे प्रथम ठरवावे लागेल. वेताळाचे पुनरवतरण करणाऱ्यापुढे हा प्रश्न इतक्या तीव्रतेने उभा राहत नाही. बहादूरचा नवा लेखक मात्र तो टाळूच शकत नाही. तेव्हा लोकप्रियता ही पुनरवतरणक्षमतेची खूण नव्हे, असा निष्कर्ष येथून निघतो.

५. फास्टर फेणे : काळांतर

भा. रा. भागवत (१९१०–२००१) यांचा बनेश ऊर्फ फास्टर फेणे हा चित्रकथेतील नायक नव्हे, तो किशोर-कादंबरीतील नायक आहे. तरीही पुनरवतरणाच्या चर्चेत मराठी वाचक त्याचे नाव सर्वांत आधी घेतात, यात त्यांचा भेद करण्याचा अभाव नसून साम्य ओळखण्याची शक्ती दिसते. फुरसुंगीचा, पुण्याच्या विद्याभवनात शिकणारा हा काटकुळा मुलगा कोणत्याही दिव्य शक्तीवाचून महानायकाचे काम करतो. चापल्य, चौकसपणा आणि 'ट्टॉक्' हा उद्गार एवढीच त्याची आयुधे. 'फास्टर फेणे टोला हाणतो', 'फास्टर फेणे डिटेक्टिव्ह', 'विमानचोर विरुद्ध फास्टर फेणे' अशा पुस्तकांतून तो पिढ्यांचा सोबती झाला, आणि पुढे दूरदर्शनच्या मालिकेतून पडद्यावरही आला.

२०१७ साली आदित्य सरपोतदार यांनी दिग्दर्शित केलेल्या 'फास्टर फेणे' या चित्रपटात अमेय वाघ यांनी ही भूमिका केली. येथील फेणे मुलगा राहिलेला नाही. तो वैद्यकीय प्रवेश-परीक्षेसाठी पुण्यास आलेला तरुण आहे आणि एका परीक्षार्थीच्या मृत्यूचा शोध घेताना परीक्षेतील गैरव्यवहारापर्यंत पोहोचतो. विशेष म्हणजे खुद्द भागवत हे या कथेत एक पात्र म्हणून येतात. दिलीप प्रभावळकर यांनी ते साकारले आहे. आपल्याच मानसपुत्राला निर्माता घरी आसरा देतो, ही योजना सूचक आहे. बदललेल्या पाठाला मूळ लेखकाची संमती कथेतच मिळवून देण्याचा तो प्रयत्न होय.

या चित्रपटावर जो आक्षेप घेतला जातो तो वयाविषयीचा आहे. फेणे मोठा झाला की त्याच्या साहसातील निरागसता जाते, असे ज्येष्ठ वाचकांचे म्हणणे. मुलाने चोर पकडणे यात गंमत आहे. तरुणाने खुनाचा छडा लावणे हे रहस्यपटांचे नित्याचे काम आहे. उलट पक्षाचे उत्तर असे की, भागवतांचा फेणे आपल्या वाचकांच्या काळजीची गोष्ट करीत असे आणि आजच्या किशोरांच्या आयुष्यात प्रवेश-परीक्षेइतकी मोठी काळजी दुसरी नाही. दोन्ही पक्ष वस्तुतः एकाच प्रश्नाची दोन उत्तरे देत आहेत. फेण्याचा ध्रुव अंश त्याचे वय आहे की दुसऱ्याच्या संकटात विनाकारण उडी घेण्याची त्याची वृत्ती? वय ध्रुव मानले तर चित्रपटातील नायक केवळ नावाचा फेणे ठरतो. वृत्ती ध्रुव मानली तर तो खराच फेणे ठरतो. या बाबतीत एका गोष्टीचे वजन विशेष आहे. भागवतांची पुस्तके आजही छापली जातात व वाचली जातात. त्यामुळे वाद स्मृतीवर न सोडता कोणीही पुस्तक उघडून पाहू शकतो. वेताळाच्या मराठी पाठाविषयी ही सोय नाही.

६. पवित्र प्रभाकर : स्थलांतर

चौथा नायक थेट मुंबईचा आहे. २००४ साली शरद देवराजन, सुरेश सीतारामन व जीवन कांग यांनी मार्व्हलच्या परवानगीने 'स्पायडर-मॅन : इंडिया' ही चार भागांची चित्रकथा तयार केली. पीटर पार्करचा येथे पवित्र प्रभाकर झाला, मेरी जेनची मीरा जैन, काका बेनचे भीम आणि काकू मेची माया. गावाकडून शिष्यवृत्तीवर मुंबईत शिकावयास आलेल्या या मुलाला किरणोत्सर्गी कोळ्याच्या दंशाने सामर्थ्य मिळत नाही. एक योगी त्याला ते देतो. अंगात कोळ्याचा वेष आणि कमरेला धोतर, असे त्याचे ध्यान.

ध्वनिसाम्याने केलेली ही नावे पाहून भाषांतराचा अभ्यासक थबकतो. येथे अर्थाचे नव्हे तर आद्याक्षरांचे भाषांतर झाले आहे. 'वेताळ' या नामकरणात लोकमानसातील एक संपूर्ण कल्पना जागी होते. 'भीम' या नावात तसे काही घडत नाही, कारण महाभारतातील भीमाचा काकांच्या स्वभावाशी संबंध नाही. भारतीयत्व दाखविण्यासाठी योगी, राक्षस आणि धोतर या खुणा बाहेरून चिकटविल्या आहेत, असा आक्षेप त्या वेळी व नंतरही वाचकांनी घेतला. मुंबईच्या लोकलने रोज प्रवास करणाऱ्या वाचकाला आपल्या शहराचा नायक अशा वेषात ओळखता आला नाही, यात नवल नाही.

२०२३ मध्ये 'अ‍ॅक्रॉस द स्पायडर-व्हर्स' या चित्रपटात हाच पवित्र पुन्हा आला. 'मुंबाटन' या मुंबई व मॅनहॅटन यांच्या मिश्रणातून कल्पिलेल्या शहरात तो राहतो. दाट केस, हजरजबाबीपणा, आणि परदेशी पाहुण्यांच्या भारताविषयीच्या अज्ञानाची थट्टा करण्याची लकब ही त्याची नवी लक्षणे. भारतात हा चित्रपट मराठीसह १० भाषांत प्रदर्शित झाला, म्हणजे या मुंबईकर नायकाच्या तोंडी मराठी संवाद आले. त्याच वर्षी मार्व्हलने निकेश शुक्ला यांच्या लेखनातून त्याची स्वतंत्र चित्रकथाही प्रसिद्ध केली. २००४ मधील अवतारापेक्षा चित्रपटातील अवतार वाचकांना अधिक आपला वाटला, याचे कारण त्यात भारतीय खुणा अधिक आहेत हे नव्हे. तेथे शहराची गर्दी, गोंगाट व गती ही नायकाच्या हालचालीतच उतरली आहेत. खूण वेषातून वागण्यात गेली.

या चित्रपटाचे आणखी एक महत्त्व आहे. प्रत्येक विश्वातील स्पायडर-मॅनच्या आयुष्यात काही घटना घडल्याच पाहिजेत, त्या टाळल्या तर ते विश्व कोसळेल, असे त्यातील एक पात्र ठामपणे मानते. आणि तरुण नायक ते मानण्यास नकार देतो. पवित्रच्या विश्वात जे मरण 'ठरलेले' होते ते टळते आणि त्यावरूनच संघर्ष पेटतो. वाचकांमध्ये कित्येक वर्षे चाललेला ध्रुव व चल अंशांचा वाद येथे कथेचाच विषय झाला आहे. सध्याच्या अमेरिकन चित्रकथांतही हीच कसोटी लावलेली दिसते. मार्व्हलने २०२४ मध्ये आरंभिलेल्या नव्या 'अल्टिमेट स्पायडर-मॅन'मध्ये पीटरला सामर्थ्य मिळते ते लग्न व मुले झाल्यावर. त्याच वर्षी डीसीने सुरू केलेल्या 'अ‍ॅब्सोल्यूट बॅटमॅन'मध्ये नायकाची संपत्ती व वाडा काढून घेतला आहे. एकेक अंश वजा करीत जावयाचे आणि नायक कोठपर्यंत टिकतो ते पाहावयाचे, असा हा जणू प्रयोगच आहे.

७. वाचकांच्या चिकित्सेचे स्वरूप व मर्यादा

उपर्युक्त चार उदाहरणांवरून वाचकांच्या निवाड्यात तीन कसोट्या दिसून येतात. पहिली खुणेची : मुखवटा, उद्गार, वेष. दुसरी परिसराची : अरण्य, खोरे, शाळा, शहर. तिसरी व्रताची : नायकाला कोणते ऋण फेडावयाचे आहे. चर्चेचा आरंभ बहुधा पहिल्या कसोटीने होतो, कारण खूण डोळ्यांना दिसते. परंतु वाद लांबत गेला की तो तिसऱ्या कसोटीवर येऊन थांबतो. वेष बदललेला नायक वाचक कुरकुरत का होईना स्वीकारतात. व्रत सोडलेला नायक ते स्वीकारीत नाहीत. वेताळाची शपथ, फेण्याची परोपकारी घाई, आणि काकांच्या मृत्यूतून स्पायडर-मॅनला उमगलेली सामर्थ्याची जबाबदारी हे त्या त्या कथेचे ध्रुव अंश होत. बहादूरचे व्रत परिसराशी एकजीव असल्याने तो या नियमाचा अपवाद नसून त्याची अवघड बाजू दाखविणारे उदाहरण आहे.

ही चिकित्सा आदरास पात्र आहे. तथापि तिच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. लहानपणी वाचलेला पाठ हा वाचकाला सर्वांत शुद्ध वाटतो, मग तो कितीही संपादित असो. शिवाय स्मृती ही वेचक असते. रद्दीच्या दुकानातून जे अंक हाती लागले तेवढ्यांवरून ती मालेचे संपूर्ण चित्र रंगविते. 'आमच्या वेळचा वेताळ असा नव्हता' हे विधान तपासावयाचे तर मराठी अंक समोर हवेत. हे अंक स्वस्त कागदावर छापले गेले, हातोहाती फिरून जीर्ण झाले आणि अखेर रद्दीत गेले. ग्रंथालयांनी त्यांना पुस्तक मानले नाही आणि नियतकालिक म्हणूनही जपले नाही. जे उरले ते प्रामुख्याने खासगी संग्राहकांच्या कपाटांत आहे, आणि तेथेही इंग्रजी अंकांना मोल अधिक येते.

८. समारोप

कोणताही पाठ सिद्ध करण्यापूर्वी प्रती गोळा कराव्या लागतात, हा पाठचिकित्सेचा पहिला नियम आहे. इंद्रजालच्या मराठी अंकांची सूची, प्रत्येक कथेच्या इंग्रजी व मराठी पाठांची तुलना, नावांत व मजकुरात झालेल्या बदलांची नोंद, आणि भाषांतरकारांचा शोध ही कामे एखाद्या पदव्युत्तर प्रबंधाच्या आवाक्यातील आहेत. ग्रंथप्रदानाच्या १९५४ च्या कायद्यान्वये प्रकाशकांनी ज्या ठरावीक ग्रंथालयांना प्रती पाठवावयाच्या, त्यांत मुंबईचे मध्यवर्ती ग्रंथालय आहे. तेथून शोधाला आरंभ करता येईल. दुसरे साधन त्याहून जिवंत आहे. अंधेरीपासून बोरीवलीपर्यंत आणि घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत ज्या घरांत हे अंक एकदा वाचले गेले, तेथील वाचक आज साठीच्या आसपास आहेत. कोणत्या वाचनालयातून अंक येत, भाडे किती असे, कोणती कथा कोणत्या शब्दांत आठवते, याची नोंद ते हयात असेतोच होऊ शकते.

ही नोंद झाली नाही तर पुढील प्रत्येक पुनरवतरणाचा निवाडा केवळ भावनेवर होईल, आणि परक्या भाषेतील पाठ हाच एकमेव मूळ पाठ ठरेल. मराठी वेताळ हा फॉक यांच्या फँटमची निव्वळ छाया नव्हता. मुंबईतील संपादक, अज्ञात भाषांतरकार आणि रात्रीच्या रक्षकाची कल्पना घरून घेऊन आलेला वाचक, या तिघांनी मिळून तो घडविला होता. मुखवटा पुढच्या पिढीच्या हाती देण्यापूर्वी तो कोणी, केव्हा व कसा घडविला हे लिहून ठेवणे, एवढे काम अभ्यासकांकडे शिल्लक आहे.